मक्याच्या शेतांमधले आरमार: एलएसटी-३२५ या रणगाडावाहू जहाजाची भेट

इंडियाना राज्यातील कोलंबस या गावात डिझेल इंजिनांच्या व्यवसायामुळे येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे बरीच आहेत आणि आमचे घर त्यांपैकीच एक. भारतातून पाहुणे आले की त्यांना शिकागो दाखवायचे हा येथील शिरस्ता. मात्र या वर्षी पुण्याहून आलेले माझे मामा रेल्वेच्या घोरपडी येथील डिझेल शेडमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले गृहस्थ असल्यामुळे उंच इमारतींपेक्षा त्यांना यंत्रे दाखवावीत, असे मला वाटले. म्हणून मे महिन्यातील एका शनिवारी आम्ही दक्षिणेकडे, ओहायो नदीच्या काठावरील इव्हान्सव्हिल या शहराकडे निघालो. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे, मालमोटारी आणि तोफा थेट शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवण्यासाठी बांधलेले एलएसटी-३२५ (एलएसटी म्हणजे ‘लँडिंग शिप, टँक’) हे जहाज तेथे नांगरलेले आहे. या जातीच्या जहाजांपैकी मूळ युद्धकालीन रूपात राहून स्वतःच्या इंजिनांवर आजही प्रवास करणारे अमेरिकेतील हे शेवटचे जहाज होय.

ब्राउन काउंटीच्या टेकड्यांमधून ब्लूमिंग्टनला पोहोचले की तेथून आय-६९ हा महामार्ग सरळ इव्हान्सव्हिलपर्यंत नेतो. वाटेत क्रेन नावाचा फाटा लागतो. तेथे अमेरिकी नौदलाचा प्रचंड विस्ताराचा तळ आहे, असे मी मामांना सांगितले तेव्हा त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले आणि, "इथे? समुद्र कुठे आहे?" असे विचारले. प्रश्न अगदी रास्त होता. चहूकडे मका आणि सोयाबीनची शेते, अधूनमधून धान्याची कोठारे, आणि समुद्र कोणत्याही दिशेला हजारभर किलोमीटर दूर. दारूगोळा किनाऱ्यापासून लांब, सुरक्षित ठिकाणी ठेवता यावा म्हणून १९४१ साली हा तळ उभारण्यात आला. युद्धकाळात अमेरिकेच्या या मधल्या पट्ट्याने समुद्रासाठी जे काही केले, त्याची ही पहिली खूण आम्हाला रस्त्यातच भेटली.

इव्हान्सव्हिलला पोहोचल्यावर घड्याळे एक तास मागे करावी लागतात, कारण इंडियानाचा हा कोपरा मध्य अमेरिकी वेळ पाळतो. शहराच्या मध्यभागी, रिव्हरसाइड ड्राइव्हलगत, नदी मोठे वळण घेते आणि तेथेच, पूर्वी तरंगत्या कॅसिनोचा धक्का होता त्या जागी, हे जहाज २०२० पासून उभे आहे. प्रथमदर्शनी ते सुंदर वाटत नाही, हे सांगितलेले बरे. युद्धनौका म्हटल्यावर जी निमुळती, धारदार आकृती डोळ्यांपुढे येते, तिचा येथे मागमूस नाही. ३२८ फूट लांब आणि ५० फूट रुंद असा एक राखाडी पेटारा, मागच्या टोकाला चढवलेली छोटी इमारत, आणि पुढे नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, जागी उभी फट असलेली दोन जाडजूड दारे. हे जहाज असे का दिसते याचे उत्तर मिळाले की त्याचा सगळा इतिहास उलगडतो, म्हणून आधी तेच सांगतो.

१९४० च्या मे-जूनमध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटनने सुमारे ३ लाख ३८ हजार सैनिक सोडवून आणले. पण वाहने आणण्याची सोय नव्हती. रणगाडे, मालमोटारी, मोटारसायकली मिळून साठ हजारांहून अधिक वाहने फ्रान्समध्येच टाकून द्यावी लागली. परत युरोपात उतरायचे झाले तर ही सारी वाहने पुन्हा बरोबर न्यावी लागणार होती, आणि बंदरे तर जर्मनांच्या ताब्यात होती. बंदर असेल तर धक्का असतो, याऱ्या असतात, जहाजाला खोल पाणी मिळते. बंदर नसेल तर उरते फक्त पुळण. तीस टनांचा रणगाडा पुळणीवर कोरडा उतरवायचा असेल तर जहाजालाच पुळणीपर्यंत गेले पाहिजे, आणि काम झाल्यावर तेथून मागेही फिरता आले पाहिजे.

ब्रिटिशांनी पहिला प्रयोग केला तो व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवरात चालणाऱ्या उथळ तळाच्या तेलवाहू जहाजांवर. मिसोआ, तासाहेरा आणि बाचाकेरो या तीन जहाजांची नाळ कापून त्यांना दारे आणि उतरती फळी बसवण्यात आली. ही जहाजे चालली, पण संथ होती. नंतर खास बांधलेली बॉक्सर वर्गाची जहाजे वेगवान निघाली, परंतु त्यांचा तळ पाण्यात फार खोल जात असल्याने ती किनाऱ्यापासून लांबच अडकत. अडचण मूलभूत होती. अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजाला स्थैर्यासाठी खोल बुडावे लागते आणि पुळणीला लागणाऱ्या जहाजाला उथळ तरंगावे लागते.

नोव्हेंबर १९४१ च्या प्रारंभी ब्रिटिश शिष्टमंडळ ही गरज घेऊन अमेरिकी नौदलाच्या जहाजबांधणी विभागाकडे आले. तेथील जॉन नीडरमायर या अभियंत्याने काही तासांत एक रेखाटन काढले. त्याची कल्पना पाणबुडीच्या टाक्यांवरून सुचण्यासारखी होती. जहाजाच्या तळात मोठ्या बॅलास्ट टाक्या ठेवायच्या, खुल्या समुद्रात त्या पाण्याने भरून जहाज खोल बसवायचे, आणि किनारा जवळ आला की पाणी पंपाने बाहेर टाकून ते वर उचलायचे. प्रत्यक्षात बांधलेले जहाज उतरणीच्या वेळी पुढे साधारण चार फूट आणि मागे साधारण दहा फूट इतकेच पाण्यात असे. पुढच्या-मागच्या खोलीतला हा फरक पुळणीच्या मंद उताराशी जुळवून ठेवलेला होता. किनाऱ्याकडे येतानाच पिछाडीचा नांगर खोल पाण्यात सोडून द्यायचा आणि वाहने उतरली की त्याच नांगराच्या तारेवर जहाज मागे ओढून घ्यायचे, ही परतीची युक्ती. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गाडी नेलेल्या कोणालाही ही गोष्ट चटकन कळेल. फळी किनाऱ्यावर टेकते आणि गाड्या आपापल्या इंजिनावर खाली उतरतात. फरक इतकाच की ही फेरीबोट महासागर ओलांडून आलेली असे आणि समोरच्या किनाऱ्यावरून तिच्यावर गोळीबार होण्याची शक्यता असे.

आम्ही जहाजावर चढलो तेव्हा मार्गदर्शक म्हणून एक निवृत्त गृहस्थ आले. येथील बहुतेक सर्व काम स्वयंसेवक करतात. त्यांनी आम्हाला प्रथम खाली, रणगाड्यांच्या डेकवर नेले. हा डेक म्हणजे जहाजाचे पोट आहे. नाळेच्या दारांपासून जवळजवळ इंजिनघरापर्यंत मधे एकही खांब नसलेली लांबच लांब पोकळी, जमिनीवर साखळ्या अडकवण्यासाठी ओळीने बसवलेले चार पाकळ्यांचे खाचे, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतीआड सैनिकांच्या निजण्याच्या अरुंद जागा. येथे वीस शर्मन रणगाडे मावत. वरच्या उघड्या डेकवर मालमोटारी आणि जीपा बांधल्या जात. सुरुवातीच्या जहाजांमध्ये ती वाहने लिफ्टने खाली आणावी लागत आणि लिफ्ट बिघडली तर वरचा सगळा माल अडकून पडे, म्हणून नंतरच्या जहाजांमध्ये साधा उतार बसवण्यात आला.

या डेकवर उभे राहिल्यावर अभियंत्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हवेचा. दारे उघडण्यापूर्वी सर्व रणगाडे सुरू करून तापवून ठेवावे लागत. बंद लोखंडी पेटीत वीस इंजिने एकदम धूर ओकू लागली तर चालकांचे काय होईल? याचे उत्तर समुद्रावर शोधत बसण्याइतका वेळ नव्हता. म्हणून १९४२ च्या एप्रिलमध्ये, पहिल्या जहाजाचा कणा घातला जाण्याच्याही आधी, केंटकीमधील फोर्ट नॉक्स या लष्करी तळावर, जमिनीवरच, या डेकची पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधण्यात आली. रणगाडे तिच्यात नेऊन, इंजिने चालू ठेवून, पंखे किती आणि कोठे हवेत हे ठरवण्यात आले. फोर्ट नॉक्स इव्हान्सव्हिलपासून मोटारीने दोनेक तासांच्या अंतरावर आहे आणि तेथूनही समुद्र तितकाच दूर आहे. छताकडे पाहिल्यास वायुवीजनाच्या नळ्यांची ती योजना आजही दिसते. मामा मात्र छताकडे न पाहता खाली वाकून पत्र्यांचे वेल्डिंग पाहत होते.

ते पाहण्याजोगेच आहे, कारण या जहाजांच्या बांधणीची खरी कथा तेथे आहे. युद्धात एकूण १,०५१ एलएसटी बांधल्या गेल्या. किनाऱ्यावरच्या मोठ्या गोद्या विमानवाहू नौका आणि विनाशिका बांधण्यात गुंतल्या होत्या. तरीही सुरुवातीला एलएसटीला इतके अग्रस्थान दिले गेले की एका गोदीत विमानवाहू नौकेचा घातलेला कणा हलवून त्या जागी एलएसटी बांधायला घेतल्या गेल्या. पण बहुतांश भार पडला तो देशाच्या आतल्या नद्यांवर. पूल आणि पोलादी सांगाडे उभारणाऱ्या कंपन्यांनी ओहायो व इलिनॉय नद्यांच्या काठी गोद्या थाटल्या. पिट्सबर्गजवळचे नेव्हिल बेट आणि अ‍ॅम्ब्रिज, इंडियानामधील जेफरसनव्हिल आणि इव्हान्सव्हिल, इलिनॉयमधील सेनेका अशा पाच अंतर्गत केंद्रांनी मिळून ६७० जहाजे बांधली. लोक त्यांना मक्याच्या शेतांतल्या गोद्या म्हणू लागले.

इव्हान्सव्हिलच्या गोदीने त्यांपैकी १६७ जहाजे दिली. हजारो माणसे येथे पाळ्यांमध्ये काम करत होती, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाणही लक्षणीय होते. यांपैकी बहुतेकांनी पूर्वी जहाज पाहिलेही नव्हते. पारंपरिक गोदीत रिव्हेट मारणारे कसबी कारागीर लागतात आणि ते घडवायला वर्षे जातात. वेल्डिंग मात्र काही आठवड्यांत शिकवता येते, म्हणून जहाजाचे तुकडे वेगवेगळे जोडून शेवटी एकत्र सांधण्याची पद्धत येथे फळाला आली. नदी अरुंद असल्याने जहाज पाठीमागून न सोडता आडवे, कुशीवर घसरवत पाण्यात ढकलले जाई. मग ते ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांमधून दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून न्यू ऑर्लिन्सला जाई, आणि वाटेतल्या पुलांखालून जाता यावे म्हणून डोलकाठी शेवटी समुद्राजवळ गेल्यावर उभी केली जाई.

एलएसटी-३२५ हे जहाज स्वतः मात्र इव्हान्सव्हिलचे नव्हे. ते फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत बांधले गेले, २७ ऑक्टोबर १९४२ रोजी पाण्यात उतरले आणि १ फेब्रुवारी १९४३ रोजी नौदलात दाखल झाले. दुसऱ्या गोदीचे जहाज येथे आणून ठेवले याबद्दल काही चिकित्सक नाके मुरडतात म्हणे. मला त्यात गैर वाटले नाही. येथे बांधलेल्या १६७ पैकी एकही असे चालते जहाज येथे उरलेले नसताना त्यांच्या जुळ्या भावंडाला घर देणे हे शहाणपणाचेच आहे.

डेकवरून आम्ही इंजिनघरात उतरलो. शिडी उभी आणि अरुंद आहे. मामांना जपून उतरा असे मी सांगेपर्यंत ते खाली पोहोचले होते. समोर दोन बारा-सिलिंडरची व्ही आकाराची इंजिने होती, जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाच्या ५६७ या मालिकेतली, प्रत्येकी ९०० अश्वशक्तीची. ही द्विस्ट्रोक इंजिने मुळात रेल्वेसाठी तयार झाली होती आणि ५६७ हा आकडा एका सिलिंडरचे घनफळ घनइंचांत सांगतो. जहाजासाठी नवे इंजिन घडवत बसण्याऐवजी आगगाडीचे चालू, पारखलेले इंजिन उचलून बसवले, हा निर्णय मला नीडरमायरच्या रेखाटनाइतकाच मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि शिकलेले हात हे सगळे तयार मिळाले.

मामांनी एका इंजिनाच्या बाजूची तपासणीची झाकणे पाहिली, ब्लोअरवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "अरे, हा तर डब्ल्यूडीएम-फोरचा थोरला भाऊ." १९६२ साली भारतीय रेल्वेने अमेरिकेतून आणलेल्या डब्ल्यूडीएम-४ या इंजिनांत याच मालिकेचे सोळा-सिलिंडरचे रूप होते, आणि १९६९ साली पहिली राजधानी एक्सप्रेस हावडा-दिल्ली मार्गावर याच जातीच्या इंजिनाने ओढली होती. घोरपडीला मामांचा संबंध आला तो दुसऱ्या, अल्को या अमेरिकी कंपनीच्या घराण्यातल्या इंजिनांशी. तरीही त्यांनी मार्गदर्शकांशी हिंदी, इंग्रजी आणि हातवारे अशा मिश्र भाषेत सिलिंडर असेंब्ली बदलण्याविषयी जी चर्चा सुरू केली, ती संपेपर्यंत आमच्यामागचे दोन गट पुढे निघून गेले. मालवाहू रेल्वे इंजिनांत ही मालिका दीर्घकाळ टिकल्यामुळे या जहाजाला आजही सुटे भाग मिळू शकतात, हे त्या चर्चेतून निघालेले तात्पर्य.

या दोन इंजिनांवर जहाज जेमतेम बारा नॉट वेग गाठत असे आणि ताफ्यात त्याहूनही कमी. तळ सपाट असल्याने ते समुद्रात भयंकर हेलकावत असे. खलाशी स्वतःच त्याला मोठे, संथ लक्ष्य म्हणत, आणि ही थट्टा अगदीच निराधार नव्हती. २८ एप्रिल १९४४ च्या रात्री इंग्लंडच्या लाइम उपसागरात, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरील स्वारीच्या सरावासाठी निघालेल्या एलएसटींच्या रांगेवर जर्मन टॉर्पेडो बोटींनी हल्ला केला. त्यात दोन जहाजे बुडाली आणि सातशेहून अधिक सैनिक व खलाशी मरण पावले. तरीही संपूर्ण युद्धात शत्रूच्या कारवाईने नष्ट झालेल्या एलएसटींची संख्या २६ आहे, आणि हजारावर जहाजांच्या मानाने ती आश्चर्यकारकरीत्या कमी आहे.

एलएसटी-३२५ ची युद्धयात्रा भूमध्य समुद्रात सुरू झाली. जुलै १९४३ मध्ये सिसिलीतील जेला, सप्टेंबरमध्ये सालेर्नो, आणि वर्षअखेरीस इंग्लंडकडे प्रयाण. त्या वाटेवर नोव्हेंबरमध्ये तिच्या ताफ्यावर जर्मन विमानांनी रेडिओने दिशा देता येणारे बाँब टाकले होते. नॉर्मंडीच्या स्वारीसाठी ती ५ जून १९४४ रोजी फालमथहून निघाली आणि ७ जूनला तेथील ओमाहा या सांकेतिक नावाच्या किनाऱ्यासमोर पोहोचली. पहिल्या दिवशी ती पुळणीला लागली नाही. माणसे आणि वाहने लहान नौकांवर उतरवून पाठवावी लागली. ओहोटीच्या वेळी जहाज वाळूवर कोरडे पडले तर त्याचा कणा मोडेल, अशी भीती तेव्हा अधिकाऱ्यांच्या मनात होती. लवकरच ती भीती फोल ठरली. भरतीबरोबर पुळणीला लागायचे, ओहोटीत वाळूवर आरामात बसून वाहने उतरवायची आणि पुढच्या भरतीला निघून जायचे, हे नित्याचे झाले. १९ जूनच्या वादळात ओमाहासमोरचे मलबेरी नावाचे कृत्रिम बंदर मोडून पडले, तेव्हा याच पद्धतीने पुरवठा चालू राहिला. इंग्लंडहून तुकड्या-तुकड्यांनी ओढून आणलेल्या त्या अवाढव्य बंदराचे कौतुक पुस्तकांत पुष्कळ होते. माझ्या मते त्यातले निम्मे या पेटाऱ्यांच्या वाट्याला यायला हवे होते. जून १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात ३२५ ने इंग्लिश खाडी ओलांडून चाळीसहून अधिक खेपा केल्या. जाताना वाहने आणि येताना जखमी. २८ डिसेंबर १९४४ रोजी एम्पायर जॅव्हलिन हे सैन्यवाहू जहाज इंग्लिश खाडीत बुडाले, तेव्हा तिने सुमारे सातशे जणांना वाचवले.

येथे थोडे थांबून भारताकडे वळणे आवश्यक आहे. हजार जहाजे म्हणजे पुष्कळ वाटतात, पण १९४३-४४ मध्ये ती कोठेच पुरत नव्हती. नोव्हेंबर १९४३ मध्ये कैरो येथे झालेल्या परिषदेत अंदमान बेटांवर उतरण्याची योजना रूझवेल्ट यांनी चिनी नेते च्यांग काय-शेक यांना कबूल केली होती. बेटे मार्च १९४२ पासून जपानच्या ताब्यात होती. डिसेंबरच्या सुरुवातीला ती योजना रद्द झाली, आणि त्याचे मुख्य कारण होते वाहने व सैनिक उतरवणाऱ्या जहाजांचा तुटवडा. युरोपातील स्वाऱ्यांसाठी ती हवी होती. त्याच महिन्याच्या ३० तारखेला नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकावला. या दोन घटनांना कार्यकारणाच्या धाग्यात ओवणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु ओहायोकाठच्या गोद्यांत महिन्याला किती जहाजे सांधली जातात, यावर बंगालच्या उपसागरातले बेत ठरत आणि मोडत होते, एवढे निश्चित म्हणता येते.

युद्धानंतर या जातीचे एक जहाज स्वतंत्र भारताकडेही आले. ब्रिटिश बांधणीची अ‍ॅव्हेंजर ही एलएसटी १९४९ साली भारतीय नौदलात मगर या नावाने दाखल झाली. तेच नाव पुढे भारतात बांधलेल्या आणि १९८७ ते २०२३ या काळात सेवेत असलेल्या जहाजाला मिळाले. मुंबईकरांना माहीत असलेला मालाड-मार्व्याचा हमला हा नौदल तळ आज पुरवठा शाखेच्या प्रशिक्षणासाठी ओळखला जातो, पण युद्धकाळात त्या आस्थापनेचा जन्म झाला तो किनाऱ्यावर उतरणाऱ्या नौकांचे प्रशिक्षण देण्यासाठीच. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो सेवा २०२० साली सुरू झाली. तिचे दूरचे नातेही येथे लागते. १९४६ मध्ये फ्रँक बस्टर्ड यांच्या कंपनीने ब्रिटिश नौदलाकडून एलएसटी भाड्याने घेऊन टिलबरी ते रॉटरडॅम अशी वाहतूक सुरू केली, आणि १९४८ पासून प्रेस्टन ते लार्न या मार्गावर मालमोटारी चढू-उतरू लागल्या. आजच्या व्यापारी रो-रो जहाजांची परंपरा तेथून मोजतात.

३२५ कडे परत येतो. मे १९४५ मध्ये बेलफास्टहून घरी परतताना ती अटलांटिकमधल्या वादळात सापडली. नाळ एका प्रचंड लाटेत घुसली आणि मुख्य डेकला तडा गेला. वेल्डिंग केलेल्या जहाजात तडा रिव्हेटच्या ओळीपाशी थांबत नाही, तो अखंड पत्र्यातून पळत जातो. घाईने बांधलेल्या त्या काळच्या इतर वेल्डेड जहाजांचेही हेच दुखणे होते. जहाजावरील कारागिरांनी भर वादळात तड्यावर पोलादी पट्ट्या सांधल्या आणि ३१ मे रोजी ती नॉरफोकला पोहोचली. ज्या तंत्रामुळे शेतकऱ्यांची मुले दोन महिन्यांत जहाज उभे करू शकली, त्याच तंत्राने ते जवळजवळ मोडले आणि त्याच तंत्राने वाचवले. वरच्या डेकवर उभे राहून मार्गदर्शकांनी हा प्रसंग सांगितला तेव्हा मामा बराच वेळ पायाखालच्या पत्र्याचे सांधे निरखत होते.

पुढचा काळ थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९४६ मध्ये निवृत्ती, १९५१ मध्ये पुन्हा सेवा, आणि या वेळी कॅनडाचा पूर्व किनारा व ग्रीनलँड येथे रडार केंद्रे उभारण्यासाठी बर्फाळ समुद्रात मालवाहतूक. ज्या किनाऱ्यावर बंदर नाही तेथे यंत्रे उतरवायची, हेच काम पुन्हा वाट्याला आले. १९६४ साली ती ग्रीसला दिली गेली आणि सायरोस या नावाने १९९९ पर्यंत ग्रीक नौदलात राबली. मला वाटते, ती टिकली यात भावनेचा भाग शून्य होता. ग्रीस म्हणजे बेटांचा देश, आणि वाहने भरून कोणत्याही किनाऱ्याला लागणारे जहाज तेथे कधीच निरुपयोगी ठरत नाही.

भावनेचा भाग नंतर आला, तोही भरपूर. एलएसटीवर काम केलेल्या जुन्या अमेरिकी खलाशांच्या संघटनेने हे जहाज परत आणायचे ठरवले. २००० साली ही मंडळी क्रीट बेटावरील सूदा उपसागरात जाऊन राहिली. त्यांचे सरासरी वय ७२ होते. कोणी दुसऱ्या महायुद्धातले, कोणी कोरियातले. स्वतःच्या खिशातून खर्च करून त्यांनी इंजिने उघडली, गंज खरवडला, पंप दुरुस्त केले, आणि नोव्हेंबरमध्ये कॅप्टन बॉब जॉर्नलिन यांच्या हाताखाली निघून, डिसेंबरमध्ये जिब्राल्टर सोडून, ऐन हिवाळ्यात अटलांटिक ओलांडला. १० जानेवारी २००१ रोजी ते अलाबामातील मोबील बंदरात पोहोचले, तेव्हा सुमारे साडेसहा हजार मैलांचा प्रवास झाला होता. सत्तरी ओलांडलेली माणसे त्याहून थोड्या तरुण जहाजावर बसून चार-चार तासांच्या पाळ्या करत होती, हे चित्र एकाच वेळी हसू आणणारे आणि थक्क करणारे आहे. २००३ मध्ये जहाज नद्यांमधून वर आले तेव्हा इव्हान्सव्हिलमध्ये त्याला पाहायला लोटलेली गर्दी पाहून शहराने त्याला कायमचे बोलावणे धाडले, आणि २००५ पासून ते येथले झाले.

जहाज दरवर्षी काही आठवडे नदीतून दुसऱ्या शहरांच्या भेटीला जाते, बहुधा उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा शरदात, त्यामुळे ते धक्क्यावर आहे याची खात्री करूनच निघावे. पूर्ण फेरीला दीड तास धरावा, आणि इंजिनांची आवड असलेला पाहुणा बरोबर असेल तर तीन. खालच्या मजल्यांवर जायला शिड्याच आहेत, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी रणगाड्यांचा डेक आणि वरची तोफांची बाजू पाहून समाधान मानावे. ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा हाताने फिरवून पाहता येतात आणि लहान मुलांना तेथून हलवणे अवघड जाते. जुन्या गोदीची जागा तेथून नदीकाठाने थोडी पश्चिमेला आहे. आज तिथे पाहण्यासारखे फारसे काही नाही, पण पात्राची रुंदी बघितली की जहाजे आडवी का सोडावी लागत हे आपोआप समजते. परत निघताना मामांनी भेटवस्तूंच्या दुकानातून टोपी किंवा चुंबक न घेता ५६७ इंजिनाच्या आडव्या छेदाचे एक चित्र मागितले. ते विक्रीला नव्हते. मार्गदर्शक आत गेले आणि कार्यालयातून त्याची एक छायाप्रत काढून घेऊन आले.